जयानं बघितलेली मुंबई

(वारजे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल. रविवारची सकाळ, दुसरा चहा.)

कल्याणी: शनिवारी सकाळी सहाला निघायचं. एक्स्प्रेस-वेनं साडेनवापर्यंत पोचू. आधी गेटवे, मग म्युझियम, मग कुठंतरी जेवण आणि ऊन उतरलं की मरीन ड्राइव्ह. गाडी मी चालवणार, हॉटेल बुक केलंय. तुम्ही फक्त बसायचं, पप्पा.

तात्याराव: आणि मी हो कधी म्हणालो?

कल्याणी: नाही पण म्हणाला नव्हतात.

तात्याराव: पस्तीस वर्षं महापालिकेच्या आवक-जावक विभागात काढली मी. उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असं तिथंसुद्धा धरत नव्हते.

सुखदेव: आरं जा की तात्या. पोरगी येवडी म्हनती हाय.

कल्याणी: काका, तुम्ही पण येताय. उगाच नाही बोलावलं तुम्हाला शिवण्याहून.

सुखदेव: मी? माजं काय काम तितं?

कल्याणी: अहो, सहा डिसेंबरला ताडीवाला रोडवरून आपली बस जायची, ती चालवायचं कोण? तुम्हीच ना? त्या वर्षी पप्पा आणि आई गेटवेला गेले, तेव्हा बस उभी करून थांबलात तुम्हीच. आता आई नाही. निदान तुम्ही दोघं तरी एकदा तिथं उभे राहा.

सुखदेव: कवाची गोष्ट म्हनतीस?

कल्याणी: एकोणनव्वद साल. मी पाच वर्षांची होते, मला आणि चेतनला आजीकडे ठेवलं होतं.

तात्याराव: मी गेटवेला कधी गेलेलो नाही.

कल्याणी: पप्पा, प्लीज.

तात्याराव: बत्तीस वेळा मुंबईला गेलो. दादर, शिवाजी पार्क, चैत्यभूमी, परत गाडी. त्यापलीकडची मुंबई मी पाहिलेली नाही.

कल्याणी: विसरताय तुम्ही. चेतनला विचारा हवं तर, लावू का फोन? आईनं शंभर वेळा सांगितलंय आम्हाला. बेस्टची डबल-डेकर, वरचा मजला, अगदी पुढची सीट. तुम्ही तिला खारे दाणे घेऊन दिलेत. हे बघा, मी डॉक्टरांशी बोललेय तुमच्या विसरण्याबद्दल. ते म्हणाले, नवं विसरलं तरी जुनं नीट आठवतं माणसाला. थोडा वेळ घ्या, आठवेल.

तात्याराव: डॉक्टर बरोबर बोलले. जुनं सगळं आठवतंय मला. म्हणूनच सांगतोय, मी नव्हतो. विचार सुखदेवला.

सुखदेव: मला नगा यात वढू. मी डायवर मानूस. माजं ध्यान रस्त्याव.

कल्याणी: काका?

सुखदेव: च्या जरा जास्तच ग्वाड झालाय बग आज.

कल्याणी: काका, माझ्याकडे बघून बोला. पप्पा गेले होते का नव्हते?

तात्याराव: त्याला कशाला अडचणीत टाकतेस? मी सांगतो. तुझी आई गेली होती, एकटी.

कल्याणी: एकटी कशी जाईल? रांग सोडून कोणी पाणी प्यायला गेलं तरी तुम्ही आवाज चढवायचात. जथ्याचे प्रमुख तुम्ही आणि तुमचीच बायको गेटवेला?

तात्याराव: तेव्हा लोक काय बोलायचे ते तुला माहीत नाही. पाच तारखेला रजेचा अर्ज दिला की माझ्याच टेबलासमोर चहा पीत म्हणायचे, "काय तात्याराव, चाललात का फुकट मुंबई बघायला?" हसत हसत म्हणायचे. वर पुन्हा, "गंमत केली हो, मनावर घेऊ नका." आपली बस भाड्याची होती. एकेकानं वर्षभर दहा-दहा रुपये बाजूला टाकलेले असायचे. पण कोणाकोणाला पावती दाखवत बसणार? मी ठरवलं, बोलायला जागाच ठेवायची नाही. बसमध्ये चढण्याआधी सगळ्यांना उभं करून सांगायचो, आज आपण मुंबई बघायला चाललो नाही. आज मुंबई आपल्याला बघणार आहे. पांढरे कपडे, सरळ रांग, अभिवादन आणि दोन वाजता गाडी. चौपाटी नाही, राणीची बाग नाही, गेटवे नाही. हिंडायचं त्यानं दुसऱ्या दिवशी यावं.

कल्याणी: मग आईला दुसऱ्या कुठल्या दिवशी नेलंत?

तात्याराव: नाही नेलं.

सुखदेव: दरसाल म्हनायच्या वहिनी, माज्या म्होरं. आलोच हाय तर एक चक्कर गेटवेकडनं घिऊ. हा म्हनायचा, फुडच्या वर्षी बगू. मी म्हनायचो, तात्या, अर्ध्या तासाचा रस्ता हाय, वळवू का? तर हा असा बगायचा माज्याकडं, जनू मी ब्रेकच काढून दिल्यात.

कल्याणी: म्हणजे त्या दिवशी ती तुम्हाला न सांगता गेली.

तात्याराव: नऊ वाजता तिचं अभिवादन झालं. बायकांच्या रांगेत होती. मला वाटलं, पुस्तकांच्या स्टॉलवर असेल. दोनला गाडीत माणसं मोजली तर एक कमी.

कल्याणी: मग?

तात्याराव: मग काय?

कल्याणी: मग थांबलात ना?

सुखदेव: कल्यानी, पानी आन जरा बाय.

कल्याणी: नाही आणत. पप्पा, थांबलात ना?

तात्याराव: आदल्या वर्षी आपल्या वस्तीतल्या रावसाहेबांचा राकेश चौपाटीवर गेला होता. वीस मिनिटं उशीर केला. मी गाडी सोडली. कॉलेजातला पोरगा, दुसऱ्या दिवशी आला कसाबसा. रावसाहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तुझी आई राहिली त्या दिवशी गाडीत ते माझ्या मागच्याच सीटवर होते.

कल्याणी: राकेश पुरुष होता. आई सव्वीस वर्षांची होती. तिला मुंबईतला एक रस्ता माहीत नव्हता.

तात्याराव: अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती. दुसऱ्याच्या पोराला एक नियम आणि स्वतःच्या बायकोला दुसरा, असं झालं असतं.

सुखदेव: हे मातुर खोटं हाय तात्या. आता निगालाच हाय विषय तर खरं बोल. समदी म्हनत हुती, थांबा. बाया तर रडकुंडीला आल्या हुत्या. रावसायेब सोत्ता उटून म्हनले, तात्याराव, माजं आसू द्या, वहिनींसाटी थांबा. म्हनले का न्हाई?

तात्याराव: म्हणाले.

सुखदेव: मग?

तात्याराव: ते म्हणाले म्हणूनच तर. त्यांनी मोठेपणा दाखवायचा आणि मी तो घ्यायचा? दोन वाजून दहा मिनिटं झाली. मी म्हटलं, सुखदेव, काढ गाडी.

कल्याणी: तुम्ही आईला तिथं सोडून आलात?

तात्याराव: हो.

कल्याणी: एवढ्या गर्दीत? एकटीला?

तात्याराव: हो.

कल्याणी: आणि काका, तुम्ही गाडी काढलीत?

सुखदेव: चाकर मानूस मी. दोन डाव हारन दिला. हळूहळू पहिल्या गेरवर शिवाजी पार्काला आख्खा वळसा घातला, म्हटलं, दिसतील कुटं. खोपोलीला घाटाखाली गाडी हुबी केली तासभर. इंजिन तापलंय म्हनलं. मागनं दुसऱ्या वस्त्यांच्या गाड्या येत हुत्या. म्हटलं, कुनी घेतलं आसंल वहिनींना तर हितं गाठ पडंल. इंजिन काय तापलं न्हवतं. आज सांगतो तुला तात्या, खोटं बोललो हुतो मी.

तात्याराव: माहीत होतं.

सुखदेव: काय माहीत हुतं?

तात्याराव: तू तंबाखू मळायला गेलास तेव्हा बॉनेटवर हात ठेवून बघितला मी. नेहमीइतकंच गरम होतं.

सुखदेव: मग बोलला का न्हाईस?

तात्याराव: बोललो असतो तर गाडी काढावी लागली असती.

सुखदेव: छत्तीस वर्सं झाली, तात्या. मी आपला मनात धरून हाय, ह्याला फसवला म्हनून.

तात्याराव: तासभर रस्त्याच्या कडेला उभा होतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडक्या बघत होतो. पांढऱ्या साड्याच साड्या. तिची नव्हती.

कल्याणी: मग परत कशी आली ती?

तात्याराव: बार्शीकडच्या लोकांनी त्यांच्या टेम्पोत घेतलं. पहाटे स्वारगेटला उतरली आणि ताडीवाला रोडपर्यंत चालत आली. हे तिनं नाही सांगितलं, शेजारणीकडून कळलं. मी दारातच बसलो होतो. ती आली, पाय धुतले आणि चहा ठेवला. कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही जेवला नसाल रात्री." बस, एवढंच.

कल्याणी: आणि तुम्ही काय म्हणालात?

तात्याराव: मी चहा प्यायलो.

कल्याणी: माफी?

तात्याराव: नाही.

कल्याणी: एवढ्या वर्षांत एकदा पण नाही? फेब्रुवारीत ती हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस होती, पप्पा. तुम्ही उशाशी बसून तिला पेपर वाचून दाखवत होतात. हवामानाचा अंदाज वाचलात, बाजारभाव वाचलेत. एक वाक्य नाही बोलता आलं?

तात्याराव: वाक्य तयार होतं. रोज तयार होतं. पेपर संपला की बोलू म्हणायचो. मग पुरवणी वाचायला घ्यायचो.

कल्याणी: मला राग येतोय तुमचा. खूप राग येतोय. आणि वाईट म्हणजे तिचा पण येतोय. आम्हाला लहानपणापासून काय काय सांगत राहिली ती! मी शाळेत निबंध लिहिला होता त्यावर. वर्गात वाचून दाखवला होता.

तात्याराव: पुढच्या वर्षी ती परत आली बसमध्ये. मला वाटलं होतं, येणार नाही. पण आली. आणि त्यानंतर दरवर्षी अभिवादन झालं की सरळ गाडीत येऊन बसायची. दोनच्या तीन-तीन तास आधी. भर उन्हात, रिकाम्या गाडीत एकटी. मी खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचो, ती घ्यायची. लोक मला म्हणायचे, तात्याराव, शिस्त शिकावी तर वहिनींकडून. मला लाज वाटते, कल्याणी. तेव्हाही वाटायची, आताही वाटते. मला त्या गेटवेला नेऊ नकोस.

कल्याणी: मी माझ्या मनानं नाही ठरवलं हे. जाण्याआधी तीन दिवस आईच बोलली मला. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात.

तात्याराव: काय बोलली?

कल्याणी: म्हणाली, "पप्पांना गेटवेला घेऊन जा. ते आपणहून जाणार नाहीत, तू ने." मला वाटलं, जुनी आठवण आहे म्हणून म्हणतेय.

सुखदेव: बग तात्या. बाईनं जाता जाता बी तुलाच सीट धरून ठिवली.

तात्याराव: तुम्हाला काय सांगायची ती? त्या दिवसाबद्दल?

कल्याणी: आता मला ते सांगवत नाही.

सुखदेव: सांग पोरी. त्यो कवापासून बसलाय इचारायचं म्हनून. आजवर कुनाला इचारनार हुता?

तात्याराव: मी येतो शनिवारी. पण आधी मला सगळं नीट सांग. तिथं गेल्यावर मी कुठं उभा होतो, ते मला ठाऊक असायला हवं.

कल्याणी: रांगेतून बाहेर पडल्यावर आई तुम्हाला म्हणाली, मला बोट बघायचीये. तुम्ही म्हणालात, कुठली बोट? ती म्हणाली, बाबासाहेब शिकायला परदेशी गेले ना, तर ते बोटीत बसले ती जागा बघायचीये. गेटवे.

तात्याराव: गेटवेवरून कसे जातील? बाबासाहेब अमेरिकेला गेले तेरा साली. गेटवे बांधून पुरं झालं चोवीस साली.

कल्याणी: माहितीये. मी पण कॉलेजात असताना तिला हेच ऐकवलं. फार शहाणी होते मी तेव्हा.

तात्याराव: मग ती काय म्हणाली?

कल्याणी: म्हणाली, "असू दे गं. पाणी तर तेच आहे ना?"

तात्याराव: म्हणजे ती फिरायला गेली नव्हती. बाबासाहेबांसाठीच गेली होती. आणि मी मात्र...

कल्याणी: फिरायला पण गेली होती, पप्पा. तिला वाऱ्यावर बसायचं होतं, दाणे खायचे होते, मोठी हॉटेलं बघायची होती. नुसती मजा करायला गेली असती तरी काय बिघडलं असतं?

तात्याराव: काही नाही.

कल्याणी: कोणाला भ्यायलो आपण एवढं?

तात्याराव: मी भ्यायलो. तिला नाही वाटलं भय. पुढं सांग.

कल्याणी: कंडक्टरला विचारून डबल-डेकर पकडलीत. वरती पुढची काच, तिच्यात आख्खा रस्ता अंगावर येतो. झाडाच्या फांद्या काचेवर घासल्या की आई खाली वाकायची आणि तुम्ही हसायचात.

तात्याराव: मी हसायचो?

कल्याणी: हो. खूप हसायचात म्हणे. मग वाटेत ते युनिव्हर्सिटीचं उंच घड्याळ दिसलं. तुम्ही म्हणालात, हे राजाबाई टॉवर, शेजारी कोर्ट, तिथं बाबासाहेब वकिली करायचे. म्युझियमपाशी उतरलात. पुढं चालत गेलात तर एकदम रस्ता संपला आणि कमान. आईला वाटलं होतं, काळ्या दगडाची असेल आपल्या शनिवारवाड्यासारखी. तर ती पिवळसर निघाली. तिनं भिंतीला हात लावला. उन्हानं तापली होती.

तात्याराव: मी कुठं होतो?

कल्याणी: तिच्या डाव्या हाताला. पायऱ्यांपाशी. तिथं पायऱ्या आहेत, पाण्यात उतरतात. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, म्हणून तुम्ही तिचा दंड धरून ठेवला होतात. तिनं वाकून पाण्यात हात घातला आणि बोट चाटून बघितलं. खारट लागलं, तर तिला खूपच नवल वाटलं. म्हणाली, पुस्तकात लिहिलेलं खरं असतं म्हणायचं.

सुखदेव: वहिनीच ह्या. दुसरं कोन आसं म्हनंल!

कल्याणी: एक फोटोवाला मागं लागला, जोडीचा काढून देतो म्हणून. तुम्ही त्याला म्हणालात, नको, आमच्या ध्यानात राहील.

तात्याराव: हे मी म्हटलं असतं. हे वाक्य माझंच आहे. तिनं अगदी बरोबर...

कल्याणी: पाणी देऊ का पप्पा?

तात्याराव: नको. तू सांग.

कल्याणी: मग कठड्यावर बसलात दोघं. दाण्याची पुडी मधे. लांब एक मोठं जहाज उभं होतं, हलतच नव्हतं. आई म्हणाली, बाबासाहेब गेले तेव्हा असंच एखादं असेल. एकटेच गेले ना ते? तिकडे ओळखीचं कोण होतं? मग तुम्ही दोघं त्या जहाजाकडे बघत बसलात. ही जागा आली की सांगताना आई डोळे मिटून घ्यायची. चेतनला वाटायचं झोपली.

तात्याराव: किती वेळ बसलो?

कल्याणी: बराच. वारा होता, तिचा पदर सारखा उडत होता. मग कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ दिसलं. एक वाजून गेला होता. ती एकदम उठली. म्हणाली, अहो, चला, गाडी सुटेल. सगळे थांबले असतील.

तात्याराव: मग? मी काय म्हणालो?

कल्याणी: तुम्ही उठलाच नाहीत. तिच्या हाताला धरून तिला परत खाली बसवलंत आणि म्हणालात, "बघ निवांत. तुला सोडून कोण जातंय?"